उघडण्याचे पैसे देता, मग नीट बंद करण्याचेही द्या

मार्च लागला की पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये पंपरूमची कुलुपे निघतात. मुलांच्या परीक्षा संपायच्या आत स्विमिंग पूल सुरू झाला पाहिजे, असा कमिटीमागे सगळ्यांचा लकडा असतो. ठेकेदाराचा माणूस येतो, फिल्टर खोलतो, वाळू धुतो किंवा बदलतो, सगळे पुन्हा जोडतो आणि पुढच्या सोसायटीकडे निघून जातो. आठवडा उलटत नाही तोच पंपरूमच्या ओल्या फरशीचा फोटो ग्रुपवर पडतो. त्याखालचे शेरे ठरलेले: माल हलका, माणूस निष्काळजी, ठेकेदार बदला. ठेकेदार बदलला जातो. पुढच्या मार्चमध्ये फरशी पुन्हा ओलीच.

मी आयटीआयमधून फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर सोसायटीने पंपरूमची किल्ली माझ्याकडे दिली, आणि आता आसपासच्या सोसायट्याही हक्काने हाक मारतात. इतके फिल्टर उघडताना आणि बंद होताना पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. बहुतेक गळत्या जोडणीच्या शेवटच्या तासात तयार होतात, आणि तो तास आपण करारात विकत घेतलेलाच नसतो. आपण ‘सर्व्हिस’चे पैसे देतो. ज्या मुलाला एका दिवसात चार-पाच ठिकाणी सर्व्हिस उरकायची आहे, तो खोलण्यात, उपसण्यात, धुण्यात वेळ घालतो, कारण ते काम लोकांना दिसते. झाकण कसे बसवले हे बघायला कुणी उभे नसते, म्हणून ते घाईत होते.

आमचा फिल्टर साधा, वाळूचा. ७५० मिलिमीटर व्यासाची फायबरग्लासची टाकी, आत अडीचशे किलोच्या आसपास वाळू, दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तळाला लॅटरल, म्हणजे बारीक चिरा पाडलेल्या प्लास्टिकच्या नळ्या. त्या सगळ्या मधल्या उभ्या पाइपला जोडलेल्या, आणि टाकीच्या डोक्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. तलाव १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे १ लाख २६ हजार लिटर पाणी. ते सगळे सहा तासांत एकदा या टाकीतून फिरायला हवे. ताशी २१ हजार लिटर झाले. वाळू स्वच्छ असताना गेजवर एक किलोच्या आत-बाहेर दाब दिसतो, कचरा साठत जाईल तसा काटा चढतो, आणि अर्धा-पाऊण किलो चढला की बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे पाणी उलटे फिरवून वाळू धुवायची.

टाकीच्या तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब असेल, तर त्या तोंडावर ३१४ किलोंचा जोर आतून वर रेटत असतो. कार्ट्रिज फिल्टरमध्ये टाकीच मधोमध दोन भागांत उघडते. तिथे व्यास ५० सेंटीमीटर असला, तर हाच हिशेब जवळजवळ दोन टनांवर जातो. प्रत्येक नव्या पोराला मी हे गणित पंपरूमच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवतो. त्यानंतर क्लॅम्पच्या नटाला हात लावताना तो थांबतो, एकदा विचार करतो. मला तेवढेच हवे असते.

क्लॅम्प झाकणाला जागेवर धरतो. पाणी अडवते ती मात्र काळ्या रबराची ओ-रिंग. तिचे काम कसे चालते हे प्रत्येक पंपरूमवाल्याला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगायला हवे. रिंग खाचेत बसते, वर झाकण आले की थोडी दाबली जाते. पंप सुरू झाला की आतले पाणी तिला खाचेच्या पलीकडच्या भिंतीकडे ढकलते, आणि रबर जाऊन फटीच्या तोंडाशी घट्ट बसते. दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट बसते. म्हणजे तोंड बंद करण्याचे काम पाण्याचा दाबच करतो. आपण त्याला स्वच्छ खाच, सगळीकडून सारखे बसलेले झाकण आणि धडधाकट रिंग द्यायची. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्यानंतर नट आणखी पिळून काहीही मिळत नाही. तरी थेंब दिसला की आपल्या लोकांचा हात आधी पान्याकडे जातो. अर्धा फेरा, आणखी अर्धा फेरा. मग एक दिवस फायबरग्लासच्या गळ्याला केसाएवढी चीर जाते, आणि जिथे एका रिंगवर भागले असते तिथे टाकी बदलायची वेळ येते.

वाळूच्या फिल्टरला सर्वांत जास्त त्रास वाळूच देते. खाचेत एक दाणा राहिला तरी त्या जागी रिंग उचलली जाते आणि तिथून पाझर सुरू होतो. नुसते फडके फिरवून भागत नाही. बोट फिरवावे लागते, पूर्ण गोल. दाणा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. रिंगही तशीच, दोन बोटांच्या चिमटीतून सबंध फिरवून बघायची. कुठे चपटी झाली आहे का, वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात का, पीळ तर पडलेला नाही ना. चपटी रिंग उलटी करून घालणे हा आपल्याकडचा फार आवडता उपाय आहे. तो मला मुळीच मान्य नाही. रिंग चपटी झाली म्हणजे रबराची उसळी संपली. उलटी केल्याने ती परत येत नाही. आणि जुनी रिंग खिळ्याला टांगून ठेवू नये, ती तिथेच ओघळून लांबते. सपाट डब्यात ठेवावी.

वंगणाबद्दल थोडा हट्टीच आहे मी. हार्डवेअरच्या दुकानातले पिवळे ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली रिंगला लावू नये. तलावाच्या कामातल्या बऱ्याच रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात. खनिज तेलाने हे रबर फुगते, मऊ पडते आणि खाचेत नीट बसत नाही. सिलिकॉन ग्रीस लावावे, तेही रिंग चकाकेल इतपतच. जाड थर लावला की त्याला पुन्हा वाळू चिकटते.

वाळू भरण्याचा क्रमही गळतीशी जोडलेला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आधी टाकी निम्मी पाण्याने भरायची, म्हणजे वरून पडणाऱ्या वाळूने लॅटरल मोडत नाहीत. उभ्या पाइपचे तोंड चिकटपट्टीने बंद करायचे. आणि भरताना पाइप बरोबर मध्यात धरून ठेवायला दुसरा माणूस हवा. पाइप बोटभर जरी कलला, तरी वरचा व्हॉल्व्ह त्यावर सरळ बसत नाही. मग जोर लावून दाबला जातो, रिंग एका बाजूला चिमटते, आणि दोष बिचाऱ्या रिंगच्या माथी येतो. एकट्या माणसाला हे काम नीट जमणे कठीण आहे. करारातला दर मात्र एका माणसाचा असतो.

क्लॅम्प आवळताना एका जागी उभे राहून नट फिरवत बसू नये. थोडे आवळावे, रबरी हातोडीने पट्ट्यावर सगळीकडून हलके ठोके द्यावेत, पट्टा सरकून सारखा बसू द्यावा, मग पुन्हा थोडे आवळावे. बोल्टाचे झाकण असेल तर समोरासमोरचे बोल्ट जोडीने घ्यावेत, प्रत्येक वेळी थोडे थोडे. शेजारचे शेजारी घेत गेले की झाकण तिरके बसते. फिटरच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला हे शिकवावेच लागते, आणि तो ते शिकतोही. पण मोटारसायकल बाहेर चालू ठेवून आलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा धरणे योग्य नाही.

शेजारच्या एका सोसायटीत मला मुद्दाम बोलावले होते. पंपानंतरची युनियन ठिबकत होती. त्या जोडावर टेफ्लॉन टेपचे भेंडोळे, त्यावर सफेदा, त्यावर एम-सीलचा गोळा. काम करणारा मुलगा विशीतला, घामाघूम झालेला.

“काय झालंय रे बाळा?”

“आटे गेलेत सर. किती टेप मारली तरी थांबत नाही.”

मी त्याला सगळे खरवडून युनियन उघडायला लावली. आत रिंगच नव्हती. आधी कधीतरी उघडताना ती पडली असणार आणि कचऱ्याबरोबर गेली असणार. युनियनचे आटे दोन तोंडे जवळ आणण्यापुरते असतात. पाणी अडवणारी रिंग आत, दोन तोंडांच्या मध्ये असते. तिथे आट्यांवर टेप लावून काही होत नाही. उलट टेपच्या जाडीने तोंडे पुरती जवळ येत नाहीत. आम्ही मापाची रिंग आणली, खाच पुसली, रिंग घातली आणि युनियन नुसत्या हाताने फिरवून बसवली. पंप सुरू केला. जोड कोरडा राहिला.

“सर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला.

मला त्याचा राग आला नाही. ज्याने त्याला कामावर ठेवले त्याचा आला, आणि ज्यांनी सर्वांत कमी दराचे कोटेशन बघून सही केली त्यांचाही आला. त्या मुलाला पान्यांची पिशवी मिळाली होती, पेट्रोलचे पैसे मिळाले होते. युनियन कशी बंद होते हे दहा मिनिटे बसून त्याला कुणी दाखवले नव्हते. पोरगा हुशार होता. एकदा कळल्यावर त्याने स्वतःहून पंपाच्या झाकणाची रिंग काढून तपासली. त्या तलावात परतीच्या पाण्यातून बुडबुडे येत होते ते याच रिंगमुळे. पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला फट असली तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. फरशी कोरडी असते, म्हणून तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

टेप लागते तिथे जरूर लावावी. प्रेशर गेज, तळाचा ड्रेन प्लग, अशा ठिकाणी आट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे पुरतात. धागा आणि सफेदा लोखंडी पाइपसाठी ठीक होता; प्लास्टिकच्या आट्यांत तो कोंबला की बाहेरची बाजू तडकते. गेज डबीला धरून पिळू नये, खाली चौकोनी मान असते तिला पाना लावावा, तोही बेताने.

आता मल्टिपोर्ट व्हॉल्व्हकडे वळतो, कारण पाण्याची सगळ्यात मोठी नासाडी इथे होते आणि ती कुणालाच दिसत नाही. या व्हॉल्व्हच्या पोटात आरे असलेले एक रबरी गॅस्केट असते. फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट हे सगळे मार्ग एकमेकांपासून वेगळे ठेवणे त्याचे काम. पंप चालू असताना हँडल फिरवले की हे गॅस्केट जागेवरून उचलले जाते किंवा फाटते. सर्व्हिसच्या वेळी व्हॉल्व्ह उघडला आणि खाचेत वाळू राहिली, तरी तेच. मग फिल्टर चालू असताना थोडे पाणी गुपचूप वेस्टच्या पाइपातून गटारात जात राहते. पंपरूम कोरडी, गेज ठीक, सगळे समाधानी. तलावाची पातळी उतरते ती उन्हाने आटली असे समजून वरून पाणी सोडले जाते. एका ठिकाणी मी वेस्टच्या तोंडाशी बादली धरायला लावली. मिनिटाला दोन लिटर. पंप दिवसाला आठ तास चालत होता, म्हणजे रोज ९६० लिटर. महिन्याला जवळजवळ २९ हजार. दहा हजार लिटरचे तीन टँकर. आणि त्याच सोसायटीत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवले जात होते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. आमच्यासारखे चार तलाव भरणार नाहीत, इतके ते पाणी. त्या वर्षी अनेकांनी मागणी केली की खासगी तलाव बंदच करा. मी ती मागणी हसण्यावारी नेत नाही. पण तलाव ठेवायचा असेल, तर त्याच्या बाजूने बोलण्यासारखी एकच गोष्ट आहे: फिल्टर नीट चालत असला तर तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते. फिल्टर बिघडला की पाणी हिरवे होते, आणि मग सगळ्यात सोपा उपाय म्हणून १ लाख २६ हजार लिटर गटारात सोडून तलाव पुन्हा भरला जातो. दुष्काळी राज्यात असा तलाव चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटते.

एक गोष्ट पाण्याहूनही महत्त्वाची आहे, माणसाच्या जिवाची. फिल्टर उघडून बंद केला की टाकीत हवा अडकते. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते आणि तो जोर साठवून ठेवते. क्लॅम्प अर्धवट बसलेला असेल आणि आत दाबलेली हवा असेल, तर झाकण उडते. असे झाकण माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणूनच कंपन्या टाकीवर इशाऱ्याचा कागद चिकटवतात, आणि रंगकामात आपण तो रंगाखाली घालवतो. उघडण्याआधी एमसीबी पाडायचा, वरचा एअर व्हॉल्व्ह सोडायचा, काटा शून्यावर आल्याशिवाय नटाला हात लावायचा नाही. सुरू करताना एअर व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, टाकीपासून दूर स्विचपाशी उभे राहायचे, हवा निघून पाण्याची सलग धार लागली की मगच तो बंद करायचा. पंप चालू असताना क्लॅम्प आवळायचा नाही, कधीच नाही. मी पाहिले आहे, गळती दिसली की वॉचमनला बोलावून “जरा तो नट पिळ” असे सांगणारे कमिटी सदस्य असतात. टाकीवर वाकलेल्या त्या माणसाच्या तोंडापासून झाकण वीतभर अंतरावर असते. हे थांबले पाहिजे, यात सवलत नाही.

म्हणून माझी मागणी ठेकेदारांआधी सोसायट्यांच्या कमिट्यांकडे आहे. वार्षिक करारात ‘फिल्टर सर्व्हिस’ एवढे दोन शब्द लिहून भागणार नाही. दोन माणसे आणि पूर्ण दिवस, असे लिहा. झाकण, युनियन आणि पंप यांच्या नव्या रिंगा, व्हॉल्व्हचे गॅस्केट आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब सोसायटीने स्वतः विकत घेऊन पंपरूमच्या कपाटात ठेवावी, म्हणजे जुनी रिंग उलटी करून घालायचे कारणच उरणार नाही. मोठ्या तलावाच्या टाकीसाठीसुद्धा हा खर्च फार नसतो. आणि बिल जोडणीच्या दिवशी देऊ नका.

आमच्या कमिटीने यंदा असाच करार केला. दर चढला. सभेत एका सभासदांनी उभे राहून विचारले, “झाकण बसवायला अख्खा दिवस लागतो का हो?”

लागतो. सकाळी वाळू, दुपारी खाचा पुसणे, रिंगा, व्हॉल्व्ह. आधी बॅकवॉश, मग रिन्स, म्हणजे नव्या वाळूतली धूळ तलावात उतरत नाही. त्यानंतर पंप चालू ठेवून तासभर पंपरूममध्ये थांबायचे, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरायचा, कारण ओल्या फरशीवर नवा थेंब ओळखू येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाने परत येऊन वेस्टच्या पाइपाचे तोंड बघायचे, तलावाच्या टाइलवर केलेल्या खुणेशी पाणी मिळते का ते बघायचे, क्लॅम्प पुन्हा एकदा तपासायचा, पंप बंद करून. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे करारात वेगळ्या ओळीत लिहा, आणि ते ठेकेदाराला न देता थेट त्या मुलाच्या हातात पडतील असे बघा.